वळिवड्याच्या चुली

पाहुणे आले की आपण त्यांना गंगापूर रोडला मिसळ खायला नेतो. पोलंड देशात क्राकूव्ह नावाची जुनी राजधानी आहे. तिथंही वाटाडे पाहुण्यांना खाऊ घालत गाव दाखवतात. तिथला एक आवडता पदार्थ पिरोगी. दिसायला आपल्या करंजीसारखा, आत बटाटा किंवा कोबी. फक्त तळायच्या ऐवजी पाण्यात उकळतात.

त्या देशातल्या बायका एकेकाळी आपल्या महाराष्ट्रात राहून गेल्या. महायुद्धात, १९४० साली सोव्हिएत सरकारनं हजारो पोलिश कुटुंबांना घरातून उचलून सायबेरियात नेलं. सुटका झाल्यावर त्यातली काही इराणमार्गे भारतात आली. कोल्हापूरजवळ वळिवडे इथं १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार जण राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. घरचे पुरुष लढाईवर, कितीतरी जण गेलेले. तिथं शाळा, दवाखाना, चर्च उभं राहिलं. भाजी इथल्या बाजाराची, भाषा अनोळखी. तरी त्या मायलेकींनी चुली पेटवल्या आणि लेकरं वाढवली. पोलंडच्या वॉर्सा शहरात आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

आपल्याकडेही असा इतिहास आहे. गटातल्या आजींना १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि मिलो आठवत असेल. रोजगार हमीच्या कामावरून आल्यावर रात्री काय शिजायचं, किती जणांत वाटायचं, ते विचारा. पुढच्या बैठकीत बचत गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा, आजीच्या नावासकट.