मद्रासचे मीठ आणि धनवंतांचा कर

राज्य कोणाचेही असो, त्याचा खर्च कोणाला तरी सोसावाच लागतो. एकाच्या खांद्यावरचे ओझे उतरविले आणि खर्च मात्र तेवढाच राहिला, तर ते ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसते. हा दुसरा माणूस अर्ज करणारा, सभा भरविणारा, वर्तमानपत्रांत लिहिणारा नसला, तर या अदलाबदलीची कोठे वाच्यताही होत नाही. एकोणिसाव्या शतकातील मद्रास इलाख्याच्या करांचा इतिहास याची चांगली साक्ष देतो.

१८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थान सरकारचा खजिना रिता झाला होता आणि कर्जाचा डोंगर उभा राहिला होता. ही घडी बसविण्यासाठी ‘इकॉनॉमिस्ट’ पत्राचा संस्थापक जेम्स विल्सन याला अर्थमंत्री म्हणून विलायतेहून पाठविण्यात आले. १८ फेब्रुवारी १८६० रोजी कलकत्त्यास त्याने आपले अंदाजपत्रक मांडले. त्यात दोनशे ते पाचशे रुपये वार्षिक प्राप्तीवर शेकडा दोन आणि पाचशेच्या पुढे शेकडा चार असा प्राप्तीवरील कर सुचविला होता. या देशाच्या दृष्टीने ही नवलाईची गोष्ट होती. तोवर सरकारचा मोठा आधार म्हणजे शेतसारा, अफू आणि मीठ. मद्रास इलाख्यात कोष्टी, तेली यांसारख्या कारागिरांकडून मोहतर्फा नावाचा करही पूर्वापार वसूल होत असे. बडा व्यापारी, सावकार, वकील आणि मोठ्या पगाराचा गोरा अंमलदार यांच्या प्राप्तीला मात्र असा सरसकट हात कोणी लावला नव्हता.

या कराला सर्वांत ठाम विरोध झाला तो मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातून. गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन याने असे मत मांडले की, नवे कर बसविण्याऐवजी सैन्याचा फुगलेला खर्च कमी करावा. हा कर लोकांच्या अंगवळणी पडणारा नाही, आणि त्यातून असंतोष माजेल. एवढ्यावर न थांबता त्याने आपले टिपण वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध केले. वरिष्ठ सरकारच्या धोरणाविरुद्ध एका गव्हर्नराने असा जाहीर झगडा मांडावा, हे विलायत सरकारला खपले नाही. १८६० सालीच त्याला परत बोलाविण्यात आले. विल्सनही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यास मृत्यू पावला. मात्र त्याचा कर तोपर्यंत अमलात आला होता.

ट्रेव्हेल्यनचे म्हणणे निव्वळ श्रीमंतांच्या कैवाराचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. दोनशे रुपयांची मर्यादा फार खाली होती. लहान दुकानदार आणि कारकून तिच्या कचाट्यात सापडत होते. प्राप्तीचा अंदाज बांधणारे खालचे अंमलदार जुलूम करीत, चहाडखोरांचे फावत असे, हेही खरे. सैन्याच्या खर्चाविषयीचा त्याचा आक्षेप तर पुढे हिंदी पुढाऱ्यांनीही वर्षानुवर्षे मांडला. परंतु त्याच्या युक्तिवादात एक जागा मोकळी राहिली होती. सैन्याचा खर्च पुरेसा कमी झालाच नाही आणि कर मात्र गेला, तर तूट कोण भरणार?

याचे उत्तर काळाने दिले. १८६३ साली ट्रेव्हेल्यन स्वतःच अर्थमंत्री होऊन हिंदुस्थानात परतला. त्याने कराचा दर शेकडा चारवरून तीनवर आणला, आणि १८६५ च्या जुलैअखेर मूळ कायद्याची पाच वर्षांची मुदत संपताच हा कर बंद झाला. वर्षाला बारा हजार रुपये मिळविणारा गृहस्थ १८६१ साली ४८० रुपये देत असेल, तर १८६४ साली त्याला ३६० द्यावे लागले आणि १८६६ साली काहीच नाही. पुढे लॉर्ड मेयोच्या कारकीर्दीत पुन्हा तूट आली, तेव्हा १८६९ साली प्राप्तीवरील कर परत आणण्यात आला; त्याच वर्षी मद्रास आणि मुंबई इलाख्यांतील मिठावरचा भारही वाढविण्यात आला. संकट दोघांनी मिळून निस्तरावे, असा त्याचा अर्थ लावता आला असता. पण संकट ओसरल्यावर १८७३ साली प्राप्तीवरील कर रद्द झाला आणि मिठावरची वाढ जागच्या जागी राहिली. एक कर तात्पुरता ठरला, दुसरा कायमचा.

यात कोणाचे कपट होते असे मानण्याचे कारण नाही. प्राप्तीवरील कर वर्षातून एकदा, नावानिशी, रोख मोजून द्यावा लागतो. त्यामुळे तो देणाऱ्याला बोचतो, आणि देणारा साक्षर असल्यामुळे त्याची तक्रार सरकारच्या मेजापर्यंत पोहोचते. मिठावरचा कर पैशा-दोन पैशांच्या पुडीत दडलेला असतो. तो कोणी मागायला येत नाही, त्याची पावती मिळत नाही. मजूर बाई बाजारात मीठ महाग झाले एवढेच म्हणते; तिने सरकारला कर दिला हे तिच्या गावीही नसते.

मद्रास इलाख्यात मिठाचा मक्ता सरकारने १८०५ पासूनच स्वतःकडे घेतला होता. समुद्रकाठी मिठागरे होती. पण तेथले मीठ सरकारच्या किमतीनेच बाहेर पडे. बल्लारी, कडप्पा यांसारख्या आतल्या जिल्ह्यांत उप्पार जातीचे लोक खारट मातीपासून मीठ काढून गुजराण करीत. सरकारी उत्पन्नाच्या रक्षणासाठी त्यांचा हा धंदा गुन्हा ठरला. कराचा बोजा केवळ किमतीतून पडतो असे नाही. कित्येकदा तो माणसाची उपजीविकाच काढून घेतो.

या व्यवस्थेची खरी कसोटी १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात लागली. मद्रास इलाखा, म्हैसूर आणि आपला दख्खनचा मुलूख या काळात होरपळून निघाला. मद्रास शहरात कुवम आणि अड्यार या नद्यांना जोडणारा कालवा दुष्काळी काम म्हणून खोदण्यात आला. तेव्हाचा गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम याचे नाव त्या कालव्याला मिळाले. सर रिचर्ड टेंपलने ठरविलेली मजुरी पुरुषाला दिवसाला एक रतल धान्य आणि वर एक आणा अशी होती. एवढ्यावर कष्टकऱ्याचा जीव जगणार नाही, असे मद्रासचा आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश परोपरीने सांगत होता.

अशा वेळी, १८७८ साली, सर जॉन स्ट्रॅचीने सर्व हिंदुस्थानातील मिठाचे दर एका पातळीवर आणण्याचे धोरण हाती घेतले. उत्तरेत व बंगालमध्ये कर कमी झाला. मद्रास आणि मुंबई इलाख्यांत मात्र तो मणामागे एक रुपया तेरा आण्यांवरून अडीच रुपयांवर गेला. ज्या घराला वर्षाला मणभर मीठ लागत असेल, त्याच्यावर अकरा आण्यांची वाढ झाली. अकरा आणे म्हणजे दुष्काळी कामावरील अकरा दिवसांची रोख मजुरी. आणि सगळा कर मोजला तर चाळीस दिवसांची.

दुष्काळनिवारणाच्या निधीसाठी त्याच वर्षी व्यापारउदिमावर परवानाकरही बसविण्यात आला, पण सरकारी अंमलदार आणि वकिलीसारखे पेशे करणारे त्यातून वगळले गेले. त्या निधीचे प्रयोजनही लवकरच अफगाण युद्धाच्या खर्चात हरवले. पुढच्याच वर्षी लॉर्ड लिटनने आपल्या कौन्सिलातील बहुमत झुगारून मँचेस्टरच्या जाड्याभरड्या कापडावरील आयातजकात उठविली. दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या रयतेचे मीठ महाग आणि परदेशच्या गिरणीमालकांना माफी, असा तो जमाखर्च होता.

१८८२ साली मिठावरचा कर दोन रुपयांवर उतरला आणि १८८६ साली प्राप्तीवरील कर कायमचा आला. पाचशे रुपयांपासून पुढे तो लागू झाला. शेतीचे उत्पन्न मात्र वगळल्यामुळे मोठे जमीनदार सुटले. १८८७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले. अध्यक्ष मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी होते आणि स्वागताध्यक्ष तंजावरकडील मराठी घराण्यातले सर टी. माधवराव. या अधिवेशनासाठी एक आण्यापासूनच्या वर्गण्या देणारे हजारो सामान्य लोक पुढे आले होते. सभेने ठराव केला की, प्राप्तीवरील कराची मर्यादा पाचशेवरून हजारावर न्यावी. मागणी रास्त होती. पाचशे रुपये मिळविणारा कारकून काही धनाढ्य नव्हे. पण अधिवेशनाचा मंडप उतरून महिनाही झाला नाही तोच, १८८८ च्या जानेवारीत, सरकारने मिठाचा कर पुन्हा अडीच रुपयांवर नेला. अप्पर ब्रह्मदेश जिंकल्यावर वाढलेला खर्च भागवायचा होता. कारकुनाची तक्रार मांडली गेली, मान्य झाली नाही; एक आणा वर्गणी देणाऱ्याला मात्र न विचारताच नवा भार मिळाला.

या दोघांची गाऱ्हाणी एकाच तोंडाने मांडणारा प्रवक्ता पुढे लाभला तो गोपाळ कृष्ण गोखले यांच्या रूपाने. १९०२ पासून वरिष्ठ कौन्सिलातील आपल्या अंदाजपत्रकी भाषणांत त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. सतत शिल्लक पडत असता गरिबाच्या मिठावर एवढा कर कशासाठी, हा त्यांचा सवाल होता. १९०३ साली कर्झनच्या सरकारने मिठाचा कर आठ आण्यांनी उतरविला आणि त्याच अंदाजपत्रकात प्राप्तीवरील कराची मर्यादा हजारावर नेली. १९०७ पर्यंत मिठाचा कर मणामागे एक रुपयावर आला. सुशिक्षिताच्या वाणीने अशिक्षिताचे गाऱ्हाणे स्वतःचे मानले, तेव्हाच हे घडले.

त्यानंतरचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९३० साली दांडीप्रमाणेच तामिळनाडूत वेदारण्यमला राजगोपालाचारी यांनी आणि आपल्याकडे शिरोड्याला सत्याग्रहींनी मूठभर मीठ उचलले. १९४७ च्या अंदाजपत्रकात मिठावरचा कर गेला. स्वतंत्र भारतात चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असता १९५३ साली वारसाहक्काच्या मालमत्तेवर कर आला, आणि १९५७ साली मद्रासचे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी संपत्तीवर कर बसविला. हे दोन्ही कर आता नाहीत. पहिला १९८५ साली, दुसरा २०१५ च्या अंदाजपत्रकाने रद्द झाला. त्यांतून उत्पन्न थोडे आणि कटकट फार, असे कारण देण्यात आले. संपत्तिकराच्या जागी अतिश्रीमंतांच्या प्राप्तीवर जादा अधिभारही आला. २०१९ साली सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ करदर शेकडा बावीसवर आला, तेव्हा वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. वस्तू व सेवा कर मिठावर नाही; पण गरीब जे इतर अनेक जिन्नस विकत घेतो त्यांच्या किमतीत तो आहे.

असे निर्णय योग्य की अयोग्य, याचा निवाडा प्रत्येक काळाने आपापल्या गरजा पाहून करावयाचा असतो. भांडवलाला उत्तेजन द्यावे लागते, आणि वसुलीला जड कर टाकूनही द्यावे लागतात. मद्रासचा इतिहास एवढेच सुचवितो की, सवलतीचा आकडा वाचताना जमाखर्चाचे पान तेथेच मिटू नये. खर्च खरोखर कमी झाला काय, आणि झाला नसेल तर उरलेली रक्कम कोणत्या बाजूला टाकली गेली, हे पाहावे. ट्रेव्हेल्यनच्या टिपणात हा प्रश्न अनुत्तरित राहिला, आणि त्याचे उत्तर पुढे चाळीस वर्षे मद्रासच्या बाजारातल्या मिठाच्या पुडीने दिले.