पाय पाहून वाजविणारे

मंडणगड तालुक्यात गौरी-गणपतीच्या दिवसांत ज्यांनी जाखडी पाहिली आहे, त्यांना तिची मांडणी वेगळी सांगावयास नको. ढोलकीवाला, झांजवाला आणि गाणारा शाहीर मध्यभागी बसतात. पायांत घुंगरू बांधलेले गडी त्यांच्याभोवती फेर धरतात. शाहिराची दृष्टी सतत त्या पायांवर असते. पाय जड पडू लागले की चाल बदलावी, अंग तापले की लय चढवावी, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेले नसते. नाचणाऱ्यांसाठी संगीत निवडणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि ज्याला केवळ स्वतःची आवड ठाऊक आहे त्याला ती साधत नाही. ह्या विद्येचा एक अध्याय मुंबईत आपल्याच धर्मबांधवांनी लिहिला. तो आपल्या घरांतून फारसा सांगितला जात नाही, म्हणून हा प्रपंच.

मंडणगड, दापोली, खेड ह्या भागांतील चाकरमानी गिरणीत राबण्यासाठी मुंबईस गेले, आणि त्यांच्याबरोबर जाखडी गिरणगावातील चाळींत पोहोचली. ज्या समुद्रावर बाणकोटची खाडी उघडते, त्याच समुद्रावरून दक्षिणेकडील आगबोटींनी गोव्याचे तरुणही मुंबईस येत होते. त्यांच्या हाती व्हायोलिन किंवा ट्रम्पेट असे. धोबीतलाव, गिरगाव परिसरातील आपापल्या गावाच्या 'कुडां'त ते उतरत आणि काम शोधत. हे काम त्यांना मिळाले ते मुख्यतः मूकपटगृहांत, लष्करी बँडमध्ये आणि हॉटेलांच्या नृत्यगृहांत.

त्या काळी अमेरिकेत 'स्विंग' नावाचे संगीत बहरात आले होते. त्याचा ताल चार ठोक्यांचा. परंतु प्रत्येक ठोक्याचे दोन भाग समान न पडता पहिला लांब व दुसरा आखूड पडतो, आणि त्यामुळे बैलगाडीच्या डोलासारखा एक झोका निर्माण होतो. न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात १९२६ साली उघडलेल्या सॅव्हॉय नृत्यगृहात ह्या झोक्यावर 'लिंडी हॉप' हे युगुलनृत्य वाढले. तेथे दोन व्यासपीठे होती. एक बँड थांबताच दुसरा सुरू होई, आणि कोणता सरस हे नाचणारी गर्दी ठरवी. मे १९३७ मध्ये बेनी गुडमन ह्या देशभर गाजलेल्या वादकाचा बँड तेथे चिक वेबच्या बँडसमोर उभा राहिला, तेव्हा लोकांनी कौल दिला तो आपल्या पायांची नाडी ओळखणाऱ्या वेबला.

हे संगीत मुंबईस तबकड्यांवरून पोहोचले होतेच. १९३५ साली ते प्रत्यक्ष आले. लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात उतरला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड ह्यांनी तेथे बँड चालविले. वेदरफर्ड पुढे कलकत्त्यास गेला आणि १९४५ मध्ये तेथेच निधन पावला. ह्या मंडळींच्या शेजारी बसून गोमंतकीय वादकांनी तो झोका उचलला. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, हळदोण्याचे आंतोनियु शाविएर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट, ताजमध्ये सुमारे दोन दशके बँड सांभाळणारे मिकी कुरैया ही त्यांतील ठळक नावे.

हे त्यांना इतक्या लवकर साधले ह्याचे कारण आमच्या मते चर्चच्या आवारात आहे. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात धर्मग्रामाच्या शाळेत 'मेस्त' मुलांना स्वरलेखन वाचावयास शिकवीत असे. मिस्सेत लॅटिन गीते गाणारा, व्हायोलिन धरणारा तो मुलगा मुंबईत आला तेव्हा समोर ठेवलेला कोणताही कागद वाचून वाजवू शकत होता. पण नोटेशन वाचणे निराळे आणि माणसे वाचणे निराळे. ते दुसरे शिक्षणही काही अंशी चर्चमध्येच झाले असावे असे आम्हांस वाटते. कोणत्या रविवारी कोणते गीत घ्यावे, कोणत्या पट्टीत घ्यावे, हे ठरविणाऱ्या गायनप्रमुखाने सूर फार उंच धरला की अर्धी मंडळी ओठ मिटून उभी राहतात, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक संविधानात भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला. जाणता गायनप्रमुख ते त्यापूर्वीही आपल्या परीने पाळीत असे.

नृत्यगृहातील निवड कशी होई? संथ फॉक्सट्रॉटला मिनिटास सुमारे १२० ठोके, क्विकस्टेपला २०० च्या आसपास, तीन ठोक्यांच्या वॉल्ट्झला ९०. एवढ्या अंतरांतून बँडप्रमुखाला रात्र रचावी लागे. जेवणाची ताटे समोर असताना मंद सुरावट. पहिली जोडपी उठली की सोपा, ओळखीचा फॉक्सट्रॉट, म्हणजे लाजाळू माणूसही पुढे येईल. दोन जलद गती लागोपाठ दिल्या तर वयस्क जोडपी खुर्चीकडे वळतात आणि पुन्हा उठत नाहीत. महायुद्धाच्या काळात ब्रिटिश व अमेरिकन सैनिक मुंबईत आले, त्यांना अस्सल जलद स्विंग हवा असे. त्याच सभागृहात इतरांना वॉल्ट्झ हवा असे. दोघांनाही राखणे हे बँडप्रमुखाचे कौशल्य. कॅथलिक कुटुंबांच्या नाचांना आणखी एक मर्यादा होती, ती पंचांगाची. नाताळ, नववर्ष आणि कार्निव्हलला रात्रभर नाचणारी घरे राखेच्या बुधवारपासून वाद्ये गुंडाळून ठेवीत, ती ईस्टरलाच उघडत. धर्मगुरूंपैकी काहींना ह्या नाचांचे कौतुक नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

१९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली आणि हॉटेलांतील नृत्यरात्री ओसरू लागल्या. वादक चित्रपटांकडे वळले. काही आधीच वळले होते. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, ह्यांच्याबरोबर चिक चॉकलेट काम करू लागले. १९५१ च्या 'अलबेला'त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. त्या चित्रपटाचे निर्माते-नायक भगवान पालव गिरणी कामगाराचे चिरंजीव. त्यांचे नृत्य पाहा: उड्या नाहीत, कसरत नाही, कोणालाही जमेल अशी हलकी पावले. हॉटेलात जमलेली ती नजर येथे चाळीतल्या माणसाच्या पायांपर्यंत पोहोचली, असे आम्ही म्हणतो. लाहोरच्या हॉटेलात बँड चालविलेले सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईस आले आणि शंकर-जयकिशन ह्यांच्या गीतांची वाद्ययोजना त्यांनी सांभाळली. पडद्यावर मात्र संगीतकाराचे नाव झळके. वाद्यवृंदातील बहुतेकांची नावे आलीच नाहीत. नरेश फर्नांडिस ह्यांच्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट' (२०१२) ह्या ग्रंथाने त्यांपैकी अनेकांना उशिरा का होईना नाव मिळवून दिले.

पुढे नृत्यगृहांत बँडची जागा तबकडीने घेतली आणि निवडणारा माणूस वादक राहिला नाही, तो 'डीजे' झाला. विशेष म्हणजे स्विंगही तबकड्यांच्या आधारानेच पुन्हा उभा राहिला. सॅव्हॉय १९५८ मध्ये बंद झाले होते. तेथील श्रेष्ठ नर्तक फ्रँकी मॅनिंग टपाल खात्यात नोकरी करीत होते. १९८० च्या दशकात तरुण नर्तक त्यांना शोधीत आले, आणि मृत्यूपर्यंत (२००९) ते जगभर शिकवीत राहिले. आज आपल्या देशातही बंगळूरसारख्या शहरांत लिंडी हॉप नाचणारे गट आहेत. त्यांच्या मेळाव्यातील डीजेला जुन्या बँडप्रमुखाचेच नियम पाळावे लागतात. दहा इंची तबकडीवर सुमारे तीन मिनिटे मावत, ही लांबी नाचणाऱ्या जोडीला नेमकी पुरते. नंतरच्या काळातील आठ-आठ मिनिटांचे जॅझ ऐकावयास उत्तम, परंतु नाचताना जीव घेते. नवशिक्यांसाठी १२०-१४० ठोक्यांची गाणी, मुरलेल्यांसाठी १८० च्या वर. जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज बारीक, नव्याचा मोठा, म्हणून प्रत्येक गाण्यागणिक तोल सांभाळणे. आणि दुर्मीळ तबकडी जवळ आहे म्हणून ती वाजविण्याचा मोह आवरणे, जो संग्राहकाला सर्वांत जड जातो.

आपल्या लग्नसमारंभांतील डीजेला हे सर्व कोणी सांगत नाही. उंबराच्या पाण्याला ज्या गल्लीत ब्रास बँड वाजत असे, तेथे आता भिंती हादरविणारे खोके उभे राहतात, आणि आजी-आजोबा पहिल्या वॉल्ट्झनंतर सभागृहाबाहेर जाऊन बसतात. त्या तरुणाला दोष देणे सोपे आहे. त्याला काम सांगताना आपण आवाजाची आणि तासांची बोलणी करतो. रात्री कोण कोण नाचणार, त्यांची वये काय, एवढेही त्याला सांगत नाही.

जुन्या वादकांनी हाताने लिहिलेल्या स्वरलिपीच्या कागदांपैकी फारच थोडे उरले आहेत. वसई, मुंबई, गोवा येथील ज्या वाचकांच्या घरी वडिलांची, काकांची किंवा पाद्रिन्याची बँडची वही असेल, त्यांनी ती रद्दीत न देता तिच्यातील गाण्यांचा क्रम एकदा नीट पाहावा. कोणत्या गाण्यानंतर कोणते घेतले, कोणत्या नावापुढे खूण केली, कोणते खोडले, हे तेथे शाईत लिहिलेले सापडेल.