हुकूमनामा, दरखास्त, जप्ती

“दावा जिंकलो, पण पैसा काही हाती आला नाही,” अशी तक्रार आपण पुष्कळदा ऐकता. निकाल लागणे निराळे आणि तो पदरात पडणे निराळे. कोर्टाच्या निकालावरून जो अधिकृत लेख तयार होतो, तो हुकूमनामा. तो अमलात आणावा म्हणून जिंकणाऱ्याने करावयाचा अर्ज, ती दरखास्त. मग कोर्टाचा बेलीफ येऊन माल ताब्यात घेतो, ती जप्ती. आणि तो माल बोली लावून विकतात, तो लिलाव. या सर्वांना मिळून म्हणावयाचे बजावणी.

पेशवाईत वसुली बहुतेक तगाद्यावर चाले. धनकोने ऋणकोच्या दारात माणूस बसवायचा आणि त्याला अडवून धरायचे. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या तगाद्याची माहिती दिली आहे. रीत कठोर खरी, पण तिला गावची भीड होती.

इंग्रजी अमलात ती भीड गेली. १८५९ साली दिवाणी व्यवहाराची संहिता झाली, आणि त्याच साली साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आली. ही मुदत ऋणकोच्या सोयीची म्हणून घातली, झाले उलटेच! मुदत भरत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. समन्स आले तरी शेतकरी घाबरून कोर्टात जात नसे. मग एकतर्फी हुकूमनामा होई, आणि पाठोपाठ जप्ती किंवा तुरुंग.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो नगरकडेही पसरला. लोकांचा रोख कशावर होता? सावकारांच्या रोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर! तेच त्यांनी हिसकावून जाळले. आपली जमीन कागदाच्या जोरावर जाते, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

सरकारने चौकशी-मंडळ नेमले आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे त्याने बंद केले. खास गहाण लिहून दिलेली नसेल, तर जमिनीवर जप्ती आणणेही बंद झाले.

ते धोरण पुढेही टिकले. १९०८ च्या दिवाणी संहितेचे साठावे कलम आजही लागू आहे. त्यानुसार पोटापाण्यास लागणारी शेतीची अवजारे, गुरे व बियाणे, कारागिराची हत्यारे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत.

म्हणून शिक्षकबंधूंना विनंती, की हे शब्द गावात समजावून सांगा. समन्स आले तर कोर्टात हजर राहून आपले म्हणणे मांडले पाहिजे, एवढे जरी घरोघर कळले, तरी पुष्कळ घरे वाचतील. बजावणी असावीच, तिच्यावाचून हक्क कागदावरच राहतो. पण तिला मर्यादा नसली, की माणसे कागदच जाळतात. सुप्याने हे एकदा दाखवून दिले आहे.