उपचारनिवड : कुटुंब व समाज

रुग्णाने कोणते उपचार, कोठे व केव्हा घ्यावेत, हे ठरविण्यातील घरच्या व गावच्या माणसांचा वाटा. विकसनशील देशांत खर्चाचा व शुश्रूषेचा बराचसा भार घरावर पडतो. म्हणून निर्णयही बहुधा घरच घेते.

शुश्रूषेचा हा भार कधी गावातील दुसरे घरही उचलते; उदा., रत्नागिरी तालुक्यातील पावसचे स्वामी स्वरूपानंद (रामचंद्र विष्णू गोडबोले, 1903–74) 1930 च्या दशकात गंभीर आजारी पडले. गावातील देसाई कुटुंबाने ‘अनंत निवास’ या आपल्या घरी त्यांची मनोभावे सेवा केली. पुढे अखेरपर्यंत त्यांचे वास्तव्य तेथेच होते.

कोकणात वडीलधाऱ्यांइतकेच मुंबईकर चाकरमान्यांचे मत महत्त्वाचे ठरते. दुखणे बळावले, की मुंबईचे केईएम किंवा टाटा रुग्णालय गाठले जाते आणि सोबतच्या माणसांचा मुक्काम नातलगाच्या खोलीवर पडतो. काही घरांत आधी गुरवाकरवी ग्रामदेवतेला कौल लावतात. त्याने रुग्णाला धीर येतो. मात्र विंचूदंश वा सर्पदंश झाल्यास असा उशीर जिवावर बेततो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक असल्याचे दाखविले. ते वेळेत मिळणे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तत्परतेवर अवलंबून असते. दंश झालेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.