अर्ज मराठीत, शेरा उर्दूत

लातूरच्या इतिहासावर काम करायचं ठरवलंय? मग जुना कागद हातात आला की मजकुराआधी एवढं बघा: तो कोणी लिहिलाय आणि कोणत्या साहेबाने वाचावा म्हणून लिहिलाय.

निजामाच्या राज्यात इथला शेतकरी मराठी बोलायचा. सरकारची भाषा मात्र आधी फारसी आणि 1880 च्या दशकापासून उर्दू. म्हणजे पीक बुडाल्याची तक्रार पटवाऱ्याच्या लेखणीतून पुढे सरकायची आणि वर पोचेपर्यंत तिची भाषाच बदललेली असायची. आपण ज्याला ‘शेतकऱ्याचं म्हणणं’ म्हणून प्रबंधात टाकतो, ते बऱ्याचदा कारकुनाने साहेबाला पटेल असं लिहिलेलं असतं. पटवाऱ्याचा गावातला दरारा जमिनीच्या नोंदींमुळे होताच, पण दोन्हीकडची भाषा येते यामुळेही होता, असं मला वाटतं.

ज्याला वर चढायचं त्याने उर्दू शिकायची, हे घराघरात माहीत होतं. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणच उर्दूतून होतं.

आता हिशोब करा. 1940 मध्ये विसाव्या वर्षी कचेरीत लागलेला एखादा कारकून घ्या. 1948 मध्ये निजामाची सत्ता गेली, उर्दूचा मान उतरला आणि इंग्रजीचं वजन वाढलं. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 1964 मध्ये मराठी राजभाषेचा कायदा आला. तेव्हा तो 44 वर्षांचा. ज्या सफाईदार उर्दूवर त्याची नोकरी उभी होती, ती आता कोणी मागत नव्हतं. घरी जन्मभर मराठी बोलला, पण मराठीत टिपणी लिहायला त्याला नव्याने शिकावं लागलं असणार. अर्ज, हुकूम, नक्कल हे शब्द तेवढे जुन्या दप्तरातून त्याच्यासोबत आले. (आपण अजून ‘नक्कल’ मिळवायलाच रांगेत असतो!)

ही अडचण संपलेली नाही. 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज पडली. एका शब्दाच्या वाचनावर घरातल्या पोराचं प्रमाणपत्र अवलंबून होतं.

तेव्हा मोडी आणि उर्दू लिपी आत्ताच शिकायला घ्या, प्रबंधाचा आराखडा मंजूर व्हायची वाट बघू नका. आणि हो, लातूर जिल्हा 1982 चा. त्याआधीचे जिल्ह्याचे बरेच कागद उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, नावाखाली शोधा.