वर्तुळावरची चाल
*वर्तुळावरची चाल : बागुआझांग या चिनी युद्धकलेचा पाया. डोंग हायच्वान (मृत्यू १८८२) यांनी ती बीजिंगमध्ये शिकवली. नवशिक्याचे वर्तुळ साधारण आठ पावलांचे. गुडघे किंचित वाकवून, डोके वरखाली न होऊ देता, चिखलातून सरकवावे तसे पाऊल जमिनीलगत पुढे न्यायचे. आतले पाऊल जवळजवळ सरळ, बाहेरचे थोडे आत वळलेले. कंबर वर्तुळाच्या मध्याकडे, नजर पुढच्या हाताच्या तर्जनीवरून. ही टीप ज्या मजकुराला जोडली आहे, त्याचे मूळ लेखक या चालीला केवळ ध्यान म्हणतात, ते अपुरे आहे. ताओपंथी प्रदक्षिणेशी तिचे नाते काही अभ्यासक जोडतात खरे. पण प्रतिस्पर्ध्याची समोरासमोरची टक्कर टाळून त्याच्या बगलेला पोचण्याची ही तालीमच आहे. वाचकांनी ती केवळ पुस्तकावरून करू नये. पाऊल चुकले तर गुडघा पिळला जातो. — संपा.