विरोधकाच्या लेखणीतले पोप

आज मी पोप पहिले कॅलिक्स्टस यांच्याविषयी बोलणार आहे. हे मूळचे गुलाम. मालकाच्या पेढीतले पैसे बुडाले. पुढे सार्डिनियाच्या खाणीत सक्तमजुरी. सुटल्यावर रोमच्या ॲपियन मार्गावरची ख्रिस्ती दफनभूमी सांभाळली आणि इ.स. 217च्या सुमारास पोप झाले.

हे लिहिले कोणी? बहुतेक अभ्यासक म्हणतात, त्यांचा कट्टर विरोधक हिप्पोलिटस याने. म्हणून पैसे लबाडीने बुडवले, हा त्याचा निवाडा मी तसाच स्वीकारत नाही. त्याचा मोठा आक्षेप मात्र वेगळाच होता: कॅलिक्स्टस व्यभिचाऱ्यांनाही पश्चात्तापानंतर क्षमा देतात! चर्चने पुढे हीच क्षमेची वाट धरली. दफनभूमीला आजही कॅलिक्स्टस यांचेच नाव आहे, आणि दोघेही संत मानले जातात.